डांगरवाडीतली टिटवी

खेड्यात सकाळच्या पारी दाराची कडी कोणी वाजवत नाही. दार उघडंच असतं आणि येणारा अंगणातूनच हाक मारत आत येतो. म्हणून कडी वाजली तसा आमिनाबीचा भाकरीवरचा हात थांबला. तवा तापला होता, परातीत भाकरी अर्धी थापून झाली होती आणि भिंतीला टेकून तिचे घरधनी उस्मानभाई चहाचा घोट घेऊन तोंड वाकडं करत होते. आदल्या दिवशी डांगराची पाटी उतरवताना त्यांचा पाय मुरगळला होता. घोट्यावरचा हळद-चुन्याचा लेप वाळून पोपडे धरत होता.

"आज चाय में शक्कर नहीं क्या?"

"है. हलाओ तो. पाव मुडा है, हात तो नहीं ना?"

तेवढ्यात कडी. अमरावतीला डी.एड.ला असलेली आणि सुट्टीला घरी आलेली सबीहा पांघरुणातूनच म्हणाली, "अम्मी, तलाठी होगा."

तलाठी नव्हता. दारात कौशल्याबाई उभ्या होत्या, खुशालरावांची बायको. दोन्ही घरांच्या मधे नुसतं काट्यांचं कुंपण. त्यातून वाट पाडून कौशल्याबाई रोज मागच्या दारानं यायच्या, कधी ताक घेऊन, कधी नुसतीच जीभ मोकळी करायला. आज डोक्यावरून पदर घेऊन पुढच्या दारी, आणि कडी वाजवून.

"काय व वैनी, कडी कायले वाजवली? घर का परक्याचं आहे?"

कौशल्याबाई उंबऱ्याच्या आत आल्या नाहीत. "टिटवी कुठी बसली यंदा?"

हा प्रश्न दर उन्हाळ्यात आमिनाबीला कोणीतरी विचारायचंच. टिटवीनं उंचावर अंडी घातली तर पाऊस दणकून, खाली पाण्याजवळ घातली तर कोरडं साल, ही तिकडची जुनी समजूत. अंडी चार असली तर चारही महिने पाऊस. धरणाचं पाणी उन्हाळ्यात मागे हटलं की उघड्या पडलेल्या गाळात आमिनाबी आणि उस्मानभाई डांगरं, म्हणजे खरबुजं, आणि टरबुजं लावायचे. त्यांच्या त्या डांगरवाडीच्या आसपास टिटव्या दरसाल अंडी घालत, म्हणून सगळे तिलाच विचारत. पण विचारायला यायचे ते खुशालराव. उपरणं खांद्यावर टाकून अंगणातूनच ओरडायचे, "आमिनाबाई, तुही टिटवी काय म्हून राहिली?" आणि मग चहा होईपर्यंत गावभराच्या गप्पा.

"भाऊ नाही आले?"

"ते कुठी जात नाई आता. मले धाडलं." कौशल्याबाईंनी आत उस्मानभाईंकडे एकदा पाहिलं आणि आवाज खाली आणला. "पाडव्यापासून ओसरीतच बसेल आहेत. बैलंही मीच बादलीनं पाजते. काल रातच्याला एवढंच बोलले, का टिटवी वर बसली असंन तर पेरतो. खाली असंन तर यंदा वावर पडू देतो. कायले बी मातीत घालाचं?"

दोन हजार पाचचा तो उन्हाळा. त्याआधीची दोन सालं कापसानं दगा दिला होता, एकदा अळीनं आणि एकदा पावसानं. त्या वर्षांत वऱ्हाडातल्या बायकांना एक नवीनच भीती लागली होती. घरधनी ओरडला तर त्यांना चालायचं, ताट भिरकावलं तरी चालायचं. तो गप्प बसला की त्या रात्र-रात्र जाग्या राहायच्या. आणि खुशालराव तर असे, की वखर हाणताना बैलांशीसुद्धा राजकारण बोलायचे. कौशल्याबाईंनी फवारणीच्या औषधाचे डबे माळ्यावरून काढून भावाच्या हाती माहेरी पाठवून दिले होते. हे गावात फक्त आमिनाबीला ठाऊक होतं.

आणि ठाऊक असूनही आमिनाबी बोलून गेली. तिला वळसे घेऊन बोलता येत नसे.

"खालीच आहे व वैनी. पार पान्याच्या कडेले, गोट्यात."

तापल्या तव्यावर पाण्याचा शिंतोडा पडून उडून जावा तसा कौशल्याबाईंच्या चेहऱ्यावरचा उरलासुरला ओलावा गेला. "मी त्याईले काय सांगू?"

"आहे ते सांग."

"वर आहे म्हून सांगू का?"

"तू काय सांगशीन ते तू जान. मले इचारलं तर मी खोटं नाही बोलनार."

कौशल्याबाई आल्या तशा गेल्या. परातीतली भाकरी वाळून कडेला चिरली होती. आमिनाबीनं ती मोडून पुन्हा मळायला घेतली, पण बराच वेळ तिचं लक्ष दाराकडेच होतं.

आमिना मूळची अकोल्याच्या जुन्या शहरातली. बाप मोर्णा नदीच्या काठाशी फळांची गाडी लावायचा. डांगर नाकाशी नेऊन आज खायचं की उद्या, हे ती परकर घालायच्या वयातच सांगायची. लग्न होऊन बार्शीटाकळीच्या पलीकडच्या ह्या खेड्यात आली तेव्हा धरण तिनं पहिल्यांदा पाहिलं. पहिल्याच हंगामात वेलांची आळी खुरपताना एक पाखरू तिच्या डोक्यावर येऊन इतकं किंचाळलं, की तिच्या हातातलं खुरपं सुटलं. सासू म्हणाली, "टिटवी है. मनहूस आवाज है उसकी. भगा दे." आमिनानं हाकललं नाही. खुरपं जिथं पडलं तिथून दोन वितींवर गोट्यांमधे चार अंडी होती, मातीच्या रंगाची, वर काळे ठिपके. घरटं म्हणावं असं काही नव्हतंच. पायानं उकरलेली एक वाटी आणि तिच्या काठाला बारीक खडे आणि बकरीच्या लेंड्या मांडलेल्या. कोणीतरी भातुकली मांडून जेवायला गेल्यासारखं.

ते आळं तिनं त्या वर्षी खुरपलंच नाही. सासूनं बोल लावला. दीर म्हणाला, "भाभी ने पाखरू को बटाई से खेत दिया." आमिनाबी हसली आणि तण वाढू दिलं.

पुढं शिकली ती नुसती बघून. चुलीवरचं दूध बाई जशी बघते, हात दुसऱ्या कामात आणि डोळा पातेल्यावर, तशी. अंड्यांकडे सरळ चालत गेलं की कावळा वरून माग काढतो, म्हणून ती वाकडीतिकडी, वेल चाचपत जायची. अंड्यांभोवती काट्यांचं कुंपण केलं तर कावळ्याला बसायला जागा होते, म्हणून कुंपण नाही. सावली नाही, पाण्याची वाटी नाही. गोट्यांतच अंडी घालणारं आणखी एक चिमुकलं पाखरू होतं, गळ्यात काळी पट्टी असलेलं. ते दोन पावलं तुरतुर पळायचं आणि थबकायचं. त्याचं नाव कोणाला माहीत नव्हतं, म्हणून आमिनाबीनं त्याला ठुमकी म्हणायला सुरुवात केली, आणि आता सगळी वाडीवाली मंडळी ठुमकीच म्हणत.

आणि एक लुगडं. वाडीवर जायचं तर विटक्या हिरव्या रंगाचं तेच एक. पाखरं माणसाला अंगावरच्या कापडावरून ओळखतात असं तिचं म्हणणं. सबीहानं अमरावतीहून नवी साडी आणली, गुलाबी फुलांची. ती पेटीत गेली.

"अम्मी, लोग हसते हैं. बोलते हैं, आमिनाबी के पास एकच लुगडा है."

"लोगों ने अंडे दिये तो उनके लिये दुसरा पहनूंगी."

तर अशी आमिनाबी. टिटवी कुठं बसली ह्यावरून पाऊस सांगता येतो की नाही, ह्याचा तिनं कधी फारसा विचार केला नव्हता. लोक विचारत, ती सांगत असे. तिला काळजी असायची ती वेगळीच. सांगितलं की लोक पाहायला येत. पाच माणसं येऊन वाकून बघून गेली की त्यांच्या मागे कुत्री येत, आणि दुसऱ्या दिवशी वाटी रिकामी.

कौशल्याबाई कडी वाजवून गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी आमिनाबी तांबडं फुटताना वाडीवर पोचली. टिटव्यांचा कालवा लांबूनच ऐकू येत होता. रोजचा ओरडा तिला कळायचा. कुत्र्यासाठी वेगळा, माणसासाठी वेगळा, सापासाठी आणखी वेगळा. हा त्यातला कुठलाच नव्हता. नर-मादी दोघंही गोट्यांवर उतरत होती, दोन पावलं चालत होती, उडत होती, पुन्हा तिथंच उतरत होती.

वाटी रिकामी होती. पण टरफलं नव्हती, फुटल्या अंड्याचा ओला डाग नव्हता, कुत्र्याचा पंजा नव्हता. वाळूत माणसाचं पाऊल होतं, अनवाणी, टाचेला भेग पडलेलं.

पावलं टेकाडाकडे जात होती. मागच्या साली टिटवी त्या टेकाडावर बसली होती. यंदा टेकाडाच्या पोटालाच गाळ उपसायचं काम लागलं होतं, दिवसभर ट्रॅक्टर घरघरत. आमिनाबी वर चढली आणि थबकली. टेकाडाच्या अगदी माथ्यावर, चार कोसांवरून दिसेल असा, पांढराशुभ्र कापूस. सरकी काढून, पिंजून, बोटांनी मोकळा केलेला, वाती वळायचा कापूस. त्याची मऊ गादी केलेली आणि गादीवर अंडी मांडलेली. तान्ह्या बाळाला निजवावं तशी.

एवढी माया त्या कापसात होती, की आमिनाबीला क्षणभर राग येईना. मग तिनं अंडी मोजली. तीन. चौथ्याचं टरफल टेकाडाच्या उतारावर पडलं होतं आणि एक कावळा तिथंच, जरा लांब, चोच पुसत बसला होता.

"हट् मुर्दाड!" तिनं ढेकूळ भिरकावलं.

अंडी हाताला गार लागत होती. उन्हं वर यायच्या आत ती खाली जायला हवी होती. वैशाखातल्या उन्हात उघडं अंडं तासाभरात उकडतं. तिनं लुगड्याच्या ओच्यात अंडी घेतली, कापूस कमरेला खोचला आणि टेकाड उतरायला लागली. आणि समोरून खुशालराव आले.

काठी टेकत, डोळे खोल गेलेले, दाढीचे खुंट पांढरे. पाडव्यानंतर पहिल्यांदाच माणूस घराबाहेर पडला होता. त्यांच्या मागे पदर सावरत, धापा टाकत कौशल्याबाई. त्यांनी आमिनाबीचा ओचा पाहिला आणि त्यांचा हात तोंडावर गेला.

"हे म्हने टिटवी वर बसली," खुशालराव बायकोकडे मान वळवून म्हणाले. आवाजाला गंज चढल्यासारखा. "माह्या डोयानं पाहावं म्हून आलो. कुठी आहे?"

आमिनाबीच्या ओच्यात अंडी, डोक्यावर टिटवी किंचाळत होती आणि समोर कौशल्याबाईंचे डोळे. त्या डोळ्यांत सरळ सरळ विनवणी होती, की बाई, ठेव ती वर, एकच दिवस ठेव. आमिनाबीला ती समजली. वर ठेवली तर माणूस पेरायला उठेल. वर ठेवली तर दुपारपर्यंत अंडी मरतील. ती थांबली असेल दोन श्वास, फार तर तीन. मग काही न बोलता त्या दोघांना ओलांडून गोट्यांकडे चालायला लागली.

वाटी होती तशीच होती, खड्यांची आणि लेंड्यांची किनार धरून. तिनं खाली बसून अंडी एकेक करून ठेवली, निमुळती टोकं आत, जशी असतात तशी. मग उठून दूर झाली आणि म्हणाली, "इथी होती भाऊ. इथीच राहतीन."

"म्हंजे खालीच."

"खालीच."

खुशालरावांनी बायकोकडे पाहिलं. कौशल्याबाई मातीकडे बघत होत्या. तेवढ्यात खुशालरावांना सगळं कळलं असणार, कारण काठी आडवी ठेवून ते तिथंच, वेलाच्या बांधावर, बसले.

"झालं मंग," ते म्हणाले.

"काय झालं?" आमिनाबीचा आवाज चढला. एरवी ती टिटव्यांच्या आसपास कधी मोठ्यानं बोलायची नाही. "मांगच्या साली वर बसली होती ना? त्या टेकाडावर? तुमीच पेढे वाटले ना गावात? आला पानी?"

खुशालरावांनी टेकाडाकडे पाहिलं.

"यंदा वर जागा कुठी आहे तिले? तुमी लोकाईनं ट्रॅक्टर लावले तठी. दिवसभर घर्र-घर्र. ते बिचारी खाली नाही येईन तर कुठी जाईन? माह्यी वाडी बी खालीच आहे. जिथी जागा उघडी पडली तिथी मी बी लावते. मी का पानी पाहून लावते?"

वर टिटवी ओरडतच होती.

"तिले पावसाचं काई माहीत नाही भाऊ. तिले एवढंच माहीत आहे का मानूस कुठी कमी येते."

खुशालरावांच्या तोंडाची एक बाजू हलली. हसू होतं की काय ते कळलं नाही. आमिनाबीनं मात्र ते पाहिलं, आणि उरलेलं तिला तिथल्या तिथं सुचलं. किंवा सुचलंही नसेल. खरोखरच तिची अडचण होती.

"आता एक काम करा. ह्याईचा पाय मुरगळला आहे. डांगरं पिकून राहिले, आज मले अकोल्याले गेल्याबिगर जमत नाही. त्या कावळ्यानं एक अंडं खाल्लं, आता तो जागा सोडनार नाही. दिवसभर इथी बसतान का?"

"मी?"

"मंग का बैल बसवू?"

खुशालराव उठले आणि अंड्यांच्या दिशेनं चालायला लागले. टिटवी दगड पडावा तशी त्यांच्या डोक्यावर आली.

"अहो, तठी नाही! खोपडीत बसा, सावलीले. अन् हे डोक्यावर घ्या." तिनं खोपडीच्या, म्हणजे राखणीच्या झोपडीच्या, कुडाला अडकवलेला जुन्या हिरव्या लुगड्याचा तुकडा काढून दिला. "हा रंग वळखते ते."

"बायकाईचं लुगडं घेऊ डोक्यावर?"

"तिच्यापुढं तुमची पाटीलकी नाही चालत. घ्या. अन् टक लावून पाहू नका तिच्याकडं. नव्या नवरीकडं पाह्यलं असंन ना कधी? तिकडं पाहत पाहत इकडं. तसं पाहा."

कौशल्याबाईंच्या पदराआडून एक आवाज आला. त्या रडत होत्या की हसत होत्या, हे त्यांनाही सांगता आलं नसतं.

डांगरांनी मिनीडोर टेम्पो भरून आमिनाबी अकोल्याला गेली खरी, पण जुन्या शहरातल्या बाजारात बसून तिचं चित्त वाडीत होतं. एका गिऱ्हाइकानं तर तिला विचारलं, "मावशी, डांगर गोड निघेल ना?" आणि ती म्हणाली, "कावळा नाही आला म्हंजे झालं."

उन्हं कलताना ती परत आली, तर खोपडीत हिरवं फडकं डोक्यावर घेऊन खुशालराव, आणि त्यांच्याजवळ, तसंच मान खाली घालून, कौशल्याबाई. भाकरी घेऊन आल्या आणि परत जाऊ दिलं नव्हतं म्हणे, हलली तर पाखरू उठतं म्हणून.

आमिनाबीला पाहून खुशालरावांनी ओठांवर बोट ठेवलं. वाडी जणू त्यांचीच.

"आमिनाबाई," ते कुजबुजत सुरू झाले, आणि मग थांबेचनात. "तुले माहीत आहे का? दुपारी ऊन असं तापलं, म्या म्हटलं गेले अंडे. तं ते पाखरू काय करते! पान्यात जाते, पोट बुडवते. चांगलं गचगच वल्लं करते अन् तसंच येऊन बसते अंड्यावर. वाळलं का पुन्हा जाते. अन् एक गेली का दुसरा बसते. घडीभर उघडं ठेवत नाई व! अन् तो कावळा आला होता लेकाचा. म्या नुसता उभा राह्यलो, तं पयाला."

आमिनाबीला हे सारं वीस वर्षांपासून ठाऊक होतं. "असं का?" ती म्हणाली. "अन् मंग?"

खुशालराव मग सांगतच राहिले. कौशल्याबाई नवऱ्याच्या तोंडाकडे बघत होत्या, पाडव्यापासून बंद पडलेला रेडिओ अचानक लागावा आणि हलवला तर पुन्हा बंद पडेल अशा भीतीनं. निघताना आमिनाबीनं कमरेचा कापूस काढून त्यांच्या हातात कोंबला.

"घे. वाती वळ. चांगला कापूस आहे, कायले वाया घालवते?"

त्या कापसाचं नाव दोघींनी पुढं कधीच काढलं नाही.

उस्मानभाईंचा पाय आठवड्यानं बरा झाला, पण खुशालराव येतच राहिले. न्याहारी झाली की हिरवं फडकं खांद्यावर टाकून निघायचे. गावातले शेषराव, ज्यांचा ट्रॅक्टर गाळाच्या कामावर होता, एकदा वरून ओरडले, "काय खुशालभाऊ, लुगडं नेसले का आता?" तर खुशालराव खालून म्हणाले, "तुहा ट्रॅक्टर हळू चालव, बाळंतीन आहे घरात!" हे उत्तर गावभर झालं. लोक पाहायला यायला लागले तेव्हा त्यांना वाटेवरून परत पाठवायचं काम खुशालरावांनीच अंगावर घेतलं. आमिनाबी इतकी वर्षं जे हात जोडून सांगत होती, ते त्यांनी काठी दाखवून सांगितलं, आणि लोकांना समजलं.

एका सकाळी वाटीत एकच अंडं होतं, बाकी दोहोंची टरफलंही नव्हती. खुशालराव हबकले. आमिनाबीनं मात्र नुसतं बोट केलं. अंड्याचं फुटकं टरफल टिटवी चोचीत धरून लांब पाण्याकडे नेऊन टाकत होती, शत्रूला वास लागू नये म्हणून. आणि तिच्या जुन्या जागेपासून हातभर अंतरावर दोन ठिपकेदार गोळे उभे होते. अंगावर कापसासारखी लव आणि पाय मात्र थोरल्या भावाचे मागून आणल्यासारखे लांबच लांब. सकाळी अंड्यातून बाहेर आलेले आणि उन्हं वर येईपर्यंत चालायला लागलेले.

तिसरं अंडं फुटलं नाही. दोन दिवस टिटवी त्याच्यावर बसली, मग सोडून दिलं. कौशल्याबाई भाकरी घेऊन आल्या होत्या, त्यांची नजर त्या एकट्या अंड्यावर खिळून राहिली.

"माह्यानं झालं का ते?" त्यांनी हळूच विचारलं.

"नाही व," आमिनाबी म्हणाली. "ते आधीपासूनच पोकळ होतं. हातात घेतलं तवाच समजलं मले."

खोटं न बोलणारी बाई ती. पण हे इतकं सहज बोलली, की कौशल्याबाईंनी सुटकेचा श्वास टाकला आणि भाकरीचं फडकं सोडायला घेतलं.

पिल्लं झाली की राखण संपते असं खुशालरावांना वाटलं होतं. ती तिथून सुरू होते. अंडी निदान जागेवर असतात. पिल्लं आज इथं, तर उद्या बांधापलीकडे. आईनं एक विशिष्ट आवाज काढला की ती असतील तिथं पोट टेकून दगड होतात. मग माणूस असो, जनावर असो, हलायचं नाही. एकदा खुशालराव त्या वरच्या वाटेवर, गाव आणि पाणी ह्यांच्यामधल्या जुन्या पायवाटेवर, पाऊल टाकणार, तोच आमिनाबीनं त्यांच्या सदऱ्याला मागून धरलं. पायाखाली काही नव्हतं, गोटेच होते. मग एका गोट्यानं डोळा मिटला आणि उघडला.

"बाप्पा!" खुशालराव तसेच एका पायावर उभे राहिले.

त्यानंतर दोन-तीन दिवसांची गोष्ट. आभाळ नुसतं पांढरं, वारा पडलेला. आमिनाबी शेवटची टरबुजं तोडत होती. वेल सुकत आले होते. खुशालराव आले ते फडकं न घेता, घाईत.

"उद्यापासून नाही जमत मले, आमिनाबाई. वखर काढला. वावरात काडीकचरा गंज साचला आहे, तो येचून घेतो. बैलं लेकाचे उभे राहून राहून बोकड झाले." मग पिल्लांकडे, म्हणजे तिकडं पाहत पाहत इकडं, पाहून म्हणाले, "दोन आहेत. दोन महिने तर पडंन ना?"

"पुन्हा तेच!"

"गंमत करून राहिलो व." ते हसले. मग गप्प झाले, पण हे गप्प बसणं वेगळं होतं, शब्द शोधणाऱ्या माणसाचं. वेलावरून हात फिरवला, एक पान तोडलं, टाकून दिलं. "आमिनाबाई, तुले काही पायजे असंन तर सांग. वावरातलं सांग, घरातलं सांग. माह्यानं होईन ते. नाही म्हननार नाही."

आमिनाबीनं टरबूज पाटीत ठेवलं आणि लुगड्याला हात पुसले. वरच्या वाटेकडे पाहिलं. उद्या दुपारी वखर सुटला की खुशालरावांचे बैल त्याच वाटेनं पाण्यावर येणार होते, तहानेले, खाली न बघता, जसे ते दरसाल येत. नाल्याच्या अंगाची खालची वाट लांब पडायची, पण तिकडे गोटे नव्हते.

"भाऊ," ती म्हणाली, "पिल्लं उडेपर्यंत बैलं खालच्या वाटेनं पान्यावर नेजा."